पगाराची रेघ आणि खिचडीचं ताट

इंग्लंडच्या सरकारनं जून २०२५ मध्ये जाहीर केलं की सप्टेंबर २०२६ पासून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ घेणाऱ्या प्रत्येक घरातल्या मुलाला शाळेत दुपारचं जेवण मोफत मिळेल. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे तिथं कमी उत्पन्नाच्या घरांना दरमहा मिळणारी सरकारी मदत. सरकारच्याच अंदाजानुसार पाच लाखांहून जास्त मुलं यामुळं नव्यानं पात्र होणार आहेत. आपल्याकडं या बातमीची चर्चा व्हायचं काही कारण नव्हतं. पण ती वाचून मला पहिला प्रश्न पडला तो असा : ही पाच लाख पोरं आजवर बाहेर का होती? ज्या घराला सरकार स्वतःच गरीब समजून मदत देतं, त्याच घरातल्या पोराला जेवण का देत नव्हतं?

उत्तर अगदी साधं आहे. त्यांचे आईबाप कामावर जात होते.

हे आज इथं लिहायचं कारण आपल्या इचलकरंजीतलं आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. दरवर्षी पालकसभेत, नाहीतर चहाच्या गाड्यावर कुणीतरी विचारतंच, “अहो, ज्यांना परवडतं त्यांच्या पोरांना कशाला फुकट खिचडी? खरंच गरीब आहेत त्यांनाच द्या, म्हणजे त्यांना चांगली देता येईल.” विचारणारा माणूस वाईट नसतो. बोलणंही ऐकायला रास्त वाटतं. म्हणून म्हटलं, ज्या देशानं हेच रास्त बोलणं शंभर-सव्वाशे वर्षं अमलात आणलं, तिथं काय झालं ते एकदा नीट मांडावं. पोस्ट लांब होणार आहे, सवडीनं वाचा.

गोष्ट सुरू होते ब्रॅडफर्डपासून. हे उत्तर इंग्लंडातलं लोकरीच्या गिरण्यांचं गाव. आपल्यासारखंच मागाच्या आवाजावर जागं होणारं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं ‘हाफ टाइम’ नावाची पद्धत होती : पोरगं अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस शाळेत. फ्रेड जॉवेट नावाचा एक मुलगा आठव्या वर्षी असाच गिरणीत लागला. पुढं तोच ब्रॅडफर्डचा नगरसेवक झाला आणि १९०६ मध्ये मजूर पक्षाचा खासदार. त्याच गावात मार्गारेट मॅकमिलन या बाई शाळा मंडळावर निवडून आल्या होत्या. दोघांचं म्हणणं एकच : उपाशी पोराला शिकवणं म्हणजे सरकारचा पैसा वाया घालवणं.

वरिष्ठ मंडळींना मात्र ही गोष्ट पटली ती वेगळ्याच कारणानं. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात सैन्यभरतीला आलेल्या कामगारवर्गातल्या तरुणांमधले कितीतरी जण शरीरानं इतके खंगलेले निघाले की त्यांना परत पाठवावं लागलं. साम्राज्य चालवायला माणसं धड नाहीत म्हटल्यावर सरकार घाबरलं. समिती बसली, १९०४ मध्ये अहवाल आला आणि शाळेतल्या जेवणाचा विषय पटलावर आला. पोरांच्या पोटापेक्षा बंदूक धरणाऱ्या हातांची काळजी जास्त होती, हे लक्षात ठेवलेलं बरं.

१९०६ मध्ये विल्यम टायसन विल्सन या मजूर पक्षाच्या खासदारानं विधेयक आणलं. हा गडी मूळचा सुतार. त्यातून कायदा झाला, पण बंधनकारक नाही. ज्या स्थानिक संस्थेला वाटेल तिनं जेवण द्यावं. ज्याला परवडतं त्याच्याकडून पैसे घ्यावेत. आणि अन्नाच्या अभावी शिक्षणाचा लाभ घेऊ न शकणारी मुलं असतील, तर त्यांच्यासाठी कराच्या पैशातून खर्च करावा. म्हणजे कोण पात्र आणि कोण नाही ही रेघ पहिल्याच दिवशी ओढली गेली.

या कायद्यातलं एक कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या काळी इंग्लंडात गरिबांच्या कायद्याखाली मदत घेतली की माणसाचा मताचा अधिकार जायचा. शाळेतल्या जेवणाच्या कायद्यात मात्र स्पष्ट लिहिलं गेलं की पोरानं जेवण घेतलं आणि बापाला पैसे भरता आले नाहीत, तरी त्याचा मताचा किंवा दुसरा कुठलाही हक्क जाणार नाही. हे सगळ्यांना रुचलं नाही. ए. व्ही. डायसी हा तिथला मोठा कायदेपंडित. आपल्याकडं कायदा शिकणाऱ्यांना आजही त्याचं नाव घ्यावं लागतं. त्यानं उघड विचारलं होतं की जो बाप स्वतःचं कर्तव्य करत नाही त्याचे राजकीय हक्क शाबूत का ठेवायचे? पोराच्या ताटावरून बापाची लायकी मोजायची ही खोड तेव्हापासूनची.

ब्रॅडफर्डनं मात्र काम करून दाखवलं. १९०७ मध्ये तिथले शाळा वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्राउली यांनी सुमारे चाळीस गरीब मुलं निवडली, त्यांना काही महिने शाळेत जेवण दिलं आणि नेमानं त्यांची वजनं घेतली. जेवणाच्या आठवड्यांत वजन वाढलं. सुट्टी लागली, जेवण बंद झालं, वजन उतरलं. परत शाळा सुरू झाली, परत वाढलं. टेबलांवर स्वच्छ कापड आणि फुलं ठेवायची पद्धत होती, हेही त्या अहवालात आहे. भीक घातल्यासारखं वाटू नये याचा विचार त्या लोकांनी १९०७ मध्ये केला होता. आपल्याकडं कितीतरी शाळांत पोरं आजही उघड्या व्हरांड्यात धुळीत बसून खातात, ते आठवलं.

पुढची तीसेक वर्षं भरभर पुढं जाऊ. १९१४ मध्ये सुट्टीतही जेवण द्यायची परवानगी मिळाली. दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत गेल्या आणि शाळेतलं जेवण झपाट्यानं वाढलं. १९४४ च्या शिक्षण कायद्यानं जेवणाची सोय करणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलं. सगळ्यांना पूर्ण मोफत द्यायचा विचारही तेव्हा झाला होता, पण तो कागदावरच राहिला. १९४६ पासून दूध मात्र सगळ्या मुलांना फुकट मिळायला लागलं. १९७१ मध्ये मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना सात वर्षांवरच्या मुलांचं ते दूध बंद झालं, आणि त्यांना ‘दूध हिसकावणारी’ हे नाव चिकटलं ते कायमचं.

त्याच १९७१ मध्ये दुसरी एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. काम करूनही भागत नाही अशा घरांसाठी ‘फॅमिली इन्कम सप्लिमेंट’ नावाची मदत सुरू झाली. ती मिळणाऱ्या घरातल्या मुलांना शाळेत जेवण मोफत. म्हणजे राबणाराही गरीब असू शकतो, हे सरकारनं कागदावर मान्य केलं होतं. १९८० मध्ये थॅचरबाईंच्याच सरकारनं कायदा बदलला. सगळ्यांसाठी जेवणाची सोय करायचं बंधन काढलं, पोषणाचे निकष काढले. तरीही बेकारांची मुलं आणि ही मदत घेणाऱ्या कामकऱ्यांची मुलं, यांना जेवण देणं भाग होतं.

घाव बसला तो एप्रिल १९८८ मध्ये. नव्या सामाजिक सुरक्षा कायद्यानं जुनी मदत बंद होऊन ‘फॅमिली क्रेडिट’ आलं, आणि कामकऱ्यांच्या मुलांचं मोफत जेवण गेलं. सरकार म्हणालं, आम्ही जेवणाची किंमत त्या रोख रकमेतच धरली आहे, आईबापांनी त्यातून पोरांचे पैसे भरावेत. आता तुम्हीच सांगा, ज्या घरात भाडं थकलंय, वीजबिल थकलंय, तिथं हातात आलेल्या रोख रकमेवर ‘पोराचं जेवण’ असा शिक्का कुठं असतो? ताट हे ताट असतं. ते वाण्याच्या उधारीत वळतं करता येत नाही.

तेव्हापासून इंग्लंडात कामावर न जाणाऱ्या आईचं पोर पात्र आणि तुटपुंज्या पगारावर जाणाऱ्या आईचं अपात्र, अशी अवस्था झाली. २००३ मध्ये नवी करसवलत आली, पण रेघ तीच. एकट्या आईनं आठवड्याला सोळा तास काम धरलं की तिला ‘वर्किंग टॅक्स क्रेडिट’ लागू व्हायचं, आणि ते लागू झालं की थोड्याच दिवसांत पोराचं मोफत जेवण बंद. काम करा, स्वतःच्या पायावर उभं राहा असं भाषणात सांगायचं, आणि काम धरलं की पोरासमोरचं ताट उचलायचं.

२०१३ पासून जुन्या मदती एकत्र करून युनिव्हर्सल क्रेडिट आणायला सुरुवात झाली. सुरुवातीला ते घेणाऱ्या सगळ्या घरांतल्या मुलांना जेवण मोफत होतं. मग १ एप्रिल २०१८ ला मर्यादा आली : घराची कामातून मिळणारी निव्वळ कमाई वर्षाला ७,४०० पौंडांच्या आत असली तरच. महिन्याला ६१६ पौंड आणि काही पेन्स. आधीपासून मिळत होतं त्यांना तात्पुरतं संरक्षण दिलं, पण नव्यानं येणाऱ्यांना ही रेघ.

आणि ही रेघ पुढं हललीच नाही. मी जरा हिशोब करून बघितला. २०१८ मध्ये तिथलं किमान वेतन तासाला ७.८३ पौंड होतं. त्या दरानं आठवड्याला सुमारे १८ तास काम केलं की ७,४०० गाठले जायचे. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन १२.२१ पौंड झालं. आता आठवड्याला १२ तासही भरायच्या आत माणूस रेघेबाहेर. दोन पाळ्या केल्या न केल्या की पोर अपात्र! कुणी मंत्र्यानं उभं राहून ‘आम्ही गरिबांचं जेवण काढतोय’ असं म्हणायची गरजच पडली नाही. महागाई वाढली, पगाराचा आकडा वाढला, रेघ तिथंच राहिली, आणि दरवर्षी थोडी थोडी पोरं गुपचूप बाहेर पडत गेली. त्याच देशाच्या उत्तर आयर्लंड भागात ही मर्यादा १४,००० पौंड ठेवली होती, जवळपास दुप्पट. म्हणजे भूक तीच, समुद्र ओलांडला की पात्रता वेगळी.

आपली माणसंही या जाळ्यात आहेत. नर्सिंग, वृद्धांची सेवा, आयटी असल्या कामांसाठी व्हिसावर गेलेल्यांना तिथं बहुतेक सरकारी मदतीचा हक्क नसतो. अशा घरांतल्या मुलांना मोफत जेवण २०२० च्या साथीत तात्पुरतं दिलं गेलं आणि २०२२ मध्ये कायम झालं, तेही उत्पन्नाच्या मर्यादेतच.

साथीच्याच काळात मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूनं खासदारांना उघड पत्र लिहिलं. आपली आई पूर्णवेळ काम करायची, किमान वेतनावर, तरी घरात पुरत नव्हतं, असं त्यात त्यानं सांगितलं. त्या एका पत्रानंतर जून २०२० मध्ये सरकारनं सुट्टीतल्या जेवणाबद्दलचा निर्णय फिरवला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा ताठरपणा केला, संसदेत ठराव ३२२ विरुद्ध २६१ मतांनी पाडला, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा माघार घेतली. तोवर वेल्सनं सगळ्या प्राथमिक मुलांना जेवण द्यायचं ठरवलं नव्हतं, लंडननंही नव्हतं. पुढच्या तीन-चार वर्षांत दोघांनीही ते सुरू केलं. आणि मग २०२५ ची ती घोषणा. पण नीट बघा, इंग्लंडभर लागू होणाऱ्या या निर्णयात रेघ अजून आहेच, फक्त बरीच वर सरकली आहे.

आता घरी परत येऊ.

आपल्याकडं सुरुवात मद्रासपासून. १९२० मध्ये त्यागराय चेट्टी यांच्या पुढाकारानं मद्रास महापालिकेनं थाउजंड लाइट्स भागातल्या एका शाळेत मुलांना खाणं द्यायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये कामराजांनी लोकवर्गणी आणि सरकारी अनुदान जोडून ते राज्यभर नेलं. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी मोठी योजना काढली, तेव्हा दिल्लीतल्या पंडितांनी नाकं मुरडली होती की असल्या खैरातीनं राज्य बुडेल. राज्य बुडालं नाही.

केंद्राची योजना आली १५ ऑगस्ट १९९५ ला. पण बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न नाहीच, हजेरी भरली तर महिन्याला ३ किलो धान्य. ज्यांची पोरं तेव्हा शाळेत होती त्यांना तो तांदूळ आठवत असेल. पिशवी घेऊन जायचं, घरी आणायचं, आणि मग तो घरातल्या सहा तोंडांत वाटला जायचा. इंग्लंडच्या रोख रकमेसारखंच झालं हे.

मग २००१ साल. राजस्थानात दुष्काळ आणि सरकारी गोदामं धान्यानं भरलेली. पीयूसीएल या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयानं आदेश दिला : प्रत्येक सरकारी आणि सरकारी मदतीवर चालणाऱ्या प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाला किमान २०० दिवस. या आदेशातल्या ‘प्रत्येक’ या शब्दावर मी नेहमी थांबतो. त्यात बापाचा पगार नाही, पिवळं कार्ड नाही, दाखला नाही.

तो शब्द नसता तर काय झालं असतं ते ओळखायला फार लांब जावं लागत नाही. १९९७ मध्ये रेशन व्यवस्थेत दारिद्र्यरेषेवरचे आणि खालचे अशी फाळणी झाली होती. आपल्याकडं पिवळं कार्ड आलं, त्याची मर्यादा वर्षाला १५,००० रुपये. आता अन्नसुरक्षेच्या यादीत शहरी कुटुंबासाठी मर्यादा ५९,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. आपल्या गावात मागावर बारा तास उभा राहणारा कुठला कामगार पाच हजारांत घर चालवतो? कागदावर बसायचं तर त्याला खोटं लिहावं लागतं. खरं लिहिलं तर तो अपात्र. शिवाय यंत्रमागावरची मजुरी विणलेल्या मीटरवर. बाजारात मंदी आली की आठवडा-आठवडा माग बंद. कांडी भरणाऱ्या बाईचा पगार कुठल्या चिठ्ठीवर येतो? तिनं तलाठी, सेतू, तहसील असे हेलपाटे घालून उत्पन्नाचा दाखला काढायचा, त्या दिवसांची मजुरी बुडवायची, आणि दाखला एका वर्षानं संपला की पुन्हा. खिचडीला दाखला लावला असता तर आपल्या महानगरपालिका शाळांतली निम्मी पोरं मधल्या सुट्टीत दुसऱ्याच्या ताटाकडं बघत बसली असती. हा निम्म्याचा आकडा माझा अंदाज आहे, पण या गावात आयुष्य काढलेल्या माणसाचा आहे.

दुसरी गोष्ट, इंग्लंडात अनेक वर्षं मोफत जेवणाऱ्या मुलांचं तिकीट वेगळ्या रंगाचं असायचं, कुठं रांगच वेगळी. म्हणून कितीतरी मुलं हक्काचं जेवणही घ्यायची नाहीत. आपल्याकडं पंगत असते. पंगतीत बसलेल्याला वाढपी उत्पन्न विचारत नाही. जात विचारतात, स्वयंपाकी बाई अमुक समाजाची आहे म्हणून पोरांना उठवून नेणारे पालक या देशात निघालेत, ते मी लपवत नाही. पण निदान योजनेनं स्वतःहून पोरांत गट पाडले नाहीत.

“मग सगळं छानच आहे की” असं म्हणाल. नाही. आपण रेघ पगारावर ओढली नाही, ती शाळेच्या फाटकावर ओढली. आणि त्या रेघेबाहेर कोण आहे ते आता बघायला पाहिजे.

एक म्हणजे विनाअनुदानित शाळांतली पोरं. इंग्रजी माध्यमाच्या हव्यासापोटी, किंवा हव्यास तरी का म्हणू, पोराचं बरं व्हावं म्हणून कित्येक मागवाले पोटाला चिमटा काढून स्वस्तातल्या खासगी शाळेत फी भरतात. तिथं खिचडी नाही. त्याहून विचित्र म्हणजे शिक्षणहक्काच्या २५ टक्के जागांवर गेलेली मुलं. दुर्बल घटकातून प्रवेश घ्यायचा तर उत्पन्न एक लाखाच्या आत, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. सरकारनं स्वतः दाखला बघून गरीब ठरवलेलं पोर, आणि शाळा विनाअनुदानित असल्यामुळं दुपारी त्याच्यासाठी काहीच नाही. सधन घरातल्या वर्गमित्रांचे भरलेले डबे शेजारी. मूळ खर्चाच्या मानानं ही मुलं फार नाहीत, पण त्यांचा विचार कुठल्याच कागदात झालेला नाही.

आणि दुसरं, मला जास्त टोचणारं : नववी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात शाळेतल्या जेवणाचा हक्क आठवीपर्यंत, चौदा वर्षांपर्यंत. आता ज्या शाळेत पाचवी ते दहावी आहे तिथं मधल्या सुट्टीत बघा. आठवीचं पोरगं ताट घेऊन बसतं, जूनमध्ये नववीत गेलं की तेच पोरगं बाजूला उभं. भूक काय आठवीचा निकाल बघून कमी होते का? उलट ते वाढीचं वय. मुलींना तर याच वयात लोहाची, प्रथिनांची गरज वाढते. आणि आपल्या गावात पोरगं शाळा सोडून मागावर जातं ते नेमकं याच वयात.

परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, इथून निपाणी किती लांब आहे? कर्नाटकात ‘अक्षर दासोह’ योजनेत सरकारी आणि अनुदानित हायस्कुलांच्या नववी-दहावीलाही जेवण मिळतं, राज्याच्या पैशातून, २००७-०८ पासून. निपाणीतली मराठी बोलणारी नववीची पोरगी दुपारी शाळेत जेवते. इकडची जेवत नाही. केंद्राचा कायदा दोघींना एकच.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी नववी-दहावीचा विषय लेखी मांडणार आहे. आपल्या भागातल्या ज्या शाळांत आठवी आणि नववी एकाच आवारात भरतात, तिथं मधल्या सुट्टीत नववीची पोरं काय खातात, घरी जातात का, डबा आणतात का, की वाढपी ताई उरलंसुरलं गुपचूप त्यांच्या ताटात घालतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी खाली लिहा किंवा मला मेसेज करा. शाळेचं नाव नको, वर्ग आणि पट सांगितला तरी चालेल. आणि निपाणीकडं कुणाचे पाहुणे हायस्कूलला शिक्षक असतील तर तिथला खर्च दर मुलामागं किती धरतात तेवढं विचारून कळवा.